व्हरांड्यातलं जॅकेट

लॉज बघायला गेलेला माणूस काय बघतो? गाद्या, बाथरूम, गरम पाणी. परेशला मात्र त्या शनिवारी कुत्र्याची पसंती बघायची होती.

त्याचं असं झालं. परेशचा साहेब वासिफभाई दर हिवाळ्यात मित्रांना आणि आपल्या कुत्र्यांना घेऊन तितरांच्या शिकारीला जायचा. इकडे आखातात, अल ऐन शहराच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी परवान्याची खाजगी मैदानं असतात. पाळलेले तितर सोडतात, कुत्री झुडपांतून हुडकून काढतात आणि मग ही मंडळी बंदुका उडवतात. परेशला दिवाळीचा सुतळी बॉम्बही सोसत नसे. पण ऑफिसात कुत्रा पाळणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणून नवीन लॉज निवडायचं काम त्याच्या गळ्यात पडलं.

"सिंपल है यार," वासिफभाई म्हणाला होता. "अपने कुत्ते को ले जाओ. वहाँ पानी पी के आराम से लेट गया, तो बुक कर दो. नहीं लेटा, तो फाइव्ह स्टार भी हो, छोड़ दो."

तर मागच्या सीटवर लाडू, म्हणजे परेशचा तपकिरी, लांब कानांचा, नावाप्रमाणेच गोल कुत्रा. त्याच्या शेजारी केया, परेशची सात वर्षांची लेक. तिचे वरचे पुढचे दोन दात गेल्याच आठवड्यात पडले होते. लाडूला बोलवायला ती शीळ घालायला जायची आणि नुसती हवा निघायची. अल रीमच्या घरापासून अल ऐनपर्यंत तिचा तोच उद्योग चालला होता.

निघताना स्मिताने बजावलं होतं, "अहो, अंधाराच्या आत घरी या. आणि तिला एकटं सोडू नका." स्मिता डॉक्टर, तिची ड्यूटी होती. केयाचा लाल स्वेटर तिने कपाटातून काढून दिला होता, धुतलेला, इस्त्री केलेला, सॉफ्टनरच्या वासाचा. केयाने तो अंगाला लावला नाही. "इट्स इची, बाबा." स्वेटर गाडीतच पडून राहिला.

लॉज दिसायला छानच होतं. बैठी दगडी इमारत, मागे उघडे काळे डोंगर, बाजूला कुत्र्यांच्या जाळीच्या खोल्या, पुढे लांब व्हरांडा. मॅनेजर कुबरा, हैदराबादची, पन्नाशीची, हसतमुख बाई. तिने लाडूसाठी पितळेच्या वाडग्यात पाणी ठेवलं. लाडूने वाडगा लांबूनच हुंगला. व्हरांड्याच्या पायरीपाशी तो चारही पाय रोवून उभा राहिला, आणि ओढला तर मागे सरकायला लागला.

"दमलाय," परेश म्हणाला. कुत्र्याला पसंत नाही, हे त्याला तेव्हाच कळायला हवं होतं. पण इतक्या लांब येऊन पुन्हा दुसरं लॉज कोण शोधणार? माणूस आपल्या सोयीचंच बघतो.

ऊन उतरलं तसा डोंगरावरून गार वारा सुटला. परेश खोल्या बघून बाहेर आला तर केया एक भलंमोठं जॅकेट पांघरून उभी. मळखाऊ रंगाचं, पुष्कळ खिशांचं, शिकारी घालतात तसं. ते तिला घोट्यापर्यंत आलं होतं.

"बाबा, इट वॉज ऑन द फ्लोअर. आय वॉज फ्रीझिंग."

कुबराचा हसरा चेहरा क्षणात उतरला. "बेटा... उतारो. अभी उतारो."

तिने जॅकेट हलकेच काढून घेतलं आणि व्हरांड्याच्या टोकाला, दिव्याखाली, होतं तिथे पुन्हा पसरलं. बाह्या दोन्हीकडे नीट केल्या. परेशला नवल वाटलं. तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "शिकारियों का पुराना तरीका है, सर. कुत्ता खो जाए, तो जहाँ से खोया वहीं अपना पहना हुआ कपड़ा बिछा देते हैं. मालिक की बू सूँघता हुआ वो लौट आता है, और उसी पे सो जाता है. एक मेहमान रख के गए थे."

"कधी... मतलब, कब?"

"मेरे आने से पहले. लॉज के मालिक बोले, इसको यहाँ से हिलाना मत. और इस जगह पे दूसरा कुछ रखना मत." तिने डोंगराकडे पाहिलं. "रात को कुछ आता है. चक्कर लगाता है. लेटता नहीं. शायद कपड़े में अब बू नहीं रही."

परेश हसला. आपल्याकडेही असल्या गोष्टींना तोटा नाही, असं मनात म्हणाला आणि तिच्याबरोबर किचन बघायला गेला. केयाला म्हणाला, "लाडूला धर. हलू नकोस."

किचन बघून येईपर्यंत कितीसा वेळ लागतो? तो बाहेर आला तर व्हरांडा रिकामा. लाडू गाडीखाली शिरून थरथरत बसलेला, त्याचा पट्टा मातीत ओढलेला. केया नव्हती.

"केया..."

आधी त्याने सहज हाक मारली. मग जोरात. लाडू सुटला असणार, त्याच्या मागे पोर धावली असणार, कुत्रं परत आलं आणि पोर डोंगरात राहिली. मावळतीचा उजेड भराभर आटत होता. कुबरा टॉर्च घेऊन मागच्या ओढ्याकडे धावली. परेश समोरच्या चढावर गेला, काट्यात पँट फाटली, दोनदा पडला. दगडांशिवाय काही नाही. स्मिताला काय सांगू, एवढं एकच त्याच्या डोक्यात घण घालत होतं.

परत व्हरांड्यापाशी आला तेव्हा त्याची नजर त्या जॅकेटवर गेली.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात ना, तशी गत. मघाशी हसलेला परेश गाडीकडे धावला आणि तो लाल स्वेटर घेऊन आला. ठेवायचा कुठे? डोंगरावरून दिसेल अशी दिव्याखालची एकच जागा होती. त्याने जॅकेट उचललं, कुत्र्यांच्या जाळीवर भिरकावलं आणि त्या जागी स्वेटर पसरला. कुबराचं बोलणं त्याला आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण लेक हरवलेल्या बापाने जागेचे नियम पाळायचे?

आणि गंमत बघा, त्या स्वेटरला केयाचा वास नव्हताच. तिने तो घातलाच नव्हता. हे त्याच्या लक्षात तेव्हा आलं नाही.

तो पुन्हा चढाकडे गेला, मोबाईलच्या उजेडात शोधत, हाका मारत. दमून वळला तर लांबून दिसलं... दिव्याखाली, लाल स्वेटरवर, अंगाची जुडी करून केया झोपली होती.

धावत जाऊन त्याने तिला उराशी धरलं, रडला, मग रागावलाही. "कुठे गेली होतीस? सांगितलं होतं ना हलू नकोस म्हणून?" केया बोलली नाही. त्याच्या मानेत तोंड खुपसून तिने लांब श्वास घेतला, पुन्हा घेतला. अंग तापलेलं, केसांत माती. रुसली असेल, घाबरली असेल, त्याला वाटलं.

आता त्याला तिथे क्षणभरही थांबायचं नव्हतं. कुबराचा फोन लागेना, म्हणून त्याने आवाजी मेसेज टाकला, "मिल गई. शुक्रिया. हम निकलते हैं." केयाला स्वेटरसकट मागच्या सीटवर ठेवलं. लाडूला मागे चढवायला गेला तर कधी न गुरगुरणारा लाडू गुरगुरला. शेवटी तो पुढच्या सीटच्या पायाशी शिरला, आणि तिथेच तोंड लपवून बसला.

हायवे लागला. दोन्ही बाजूंचे दिवे दिसले तसा परेशच्या जिवात जीव आला. "केया, पाणी पिणार का राजा?" आरशात दिसलं, ती खिडकीच्या काचेला नाक टेकून बसली होती. श्वासाने काच धुरकट होत होती, आणि ती तेच बघत होती.

तेवढ्यात फोन वाजला. गाडीभर कुबराचा आवाज आला, धापा टाकत.

"सर, आप कहाँ चले गए? आपका मेसेज समझ में नहीं आया. कौन मिल गई?"

"म्हणजे? केया. केया मिल गई."

पलीकडे नुसता वाऱ्याचा आवाज येत होता.

"सर... बच्ची तो मेरे पास है. अभी ऊपर से उतर के आई. जाली के पास वो जॅकेट पड़ा था, उसी को ओढ़ के बैठी है. बहुत रो रही है."

हातातलं स्टीअरिंग एकदम गार लागायला लागलं. मग फोनवर हुंदके देत, दातांच्या फटीतून हवा सोडत, सगळ्या जगात एकाच पोरीचा असू शकतो असा आवाज आला. "बाबा... यू फरगॉट मी. व्हाय डिड यू गो विदाउट मी?"

लाडूने तो आवाज ऐकून डोकं वर केलं. शेपूट एकदा हलली. मागे मात्र त्याने पाहिलं नाही.

परेशने नजर आरशाकडे नेली. न्यायची नव्हती, पण गेली. मागच्या सीटवरच्या पोरीनेही तो आवाज ऐकला होता. ती मान एका बाजूला कलती करून फोनकडे बघत होती. मग तिला आवाजाचा कंटाळा आला असावा. तिने लाल स्वेटरभोवती एकदा गिरकी घेतली, त्यावर अंग टाकलं, हनुवटी हातांवर ठेवली आणि मोठी जांभई दिली.

वरचे पुढचे दोन्ही दात जागच्या जागी होते.