अंगणातले दोन ठोकळे

भोपाळच्या टाऊनशिपमधल्या आमच्या क्वार्टरच्या मागे पेरूचं झाड होतं, कपड्यांची तार होती आणि ह्यांचे दोन लाकडी ठोकळे. हे, म्हणजे नीळकंठराव, कारखान्यात लागण्याआधी हवाई दलात होते. नाकावर पंखा असलेलं एक लढाऊ विमान ह्यांच्या ताब्यात असे. पायलट मधुकर आत बसला की हे त्याचे पट्टे आवळायचे, खांद्यावर दोनदा थोपटायचे आणि चाकांपुढचे ठोकळे काढायचे. विमान परतलं की ठोकळे पुन्हा लावायचे. एकदा ते परतलंच नाही. हे ठोकळे घेऊन घरी आले.

तेव्हापासून शिफ्ट सुटली की आधी अंगणात ठोकळे मांडायचे, मग चहा. संसार माझ्याशी आहे की त्या मेलेल्याशी, असं मी तोंडावर विचारलं.

"मांडतो म्हणून विमान थांबतं," एवढंच म्हणाले.

त्या उन्हाळ्यात वाळत घातलेल्या चादरींना पेट्रोलचा वास यायला लागला. शेजारची निर्मला कुंपणावरून म्हणाली, "भाभी, स्कूटर ले ली क्या?" वारा नसताना पेरूची पानं एकाच बाजूला पडलेली असायची. मी रस्त्यावरच्या ट्रकांवर खापर फोडलं.

एका सकाळी सरपण संपलं. मी एक ठोकळा फोडून बंबात घातला. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

दुपारी ह्यांनी राख बघितली. रागावले नाहीत, तेच मला जास्त झोंबलं. उरलेला ठोकळा मांडला आणि दुसऱ्याच्या जागी स्वतः मातीत बसले, पाठ रिकाम्या हवेला टेकून.

"अहो, उठा. लोक बघताहेत."

"तो मला न्यायला आलाय, शशी."

"कोण?"

"मधुकर."

तारेवरच्या चादरी आडव्या झाल्या. आवाज काहीच नव्हता. ह्यांच्या टाचा मातीत रुतल्या, सरकू लागल्या. मी दंड धरून मागे ओढलं. इतकी वर्षं भांडले, पण हा माणूस मला हवा होता.

चादरी पुन्हा सरळ खाली लोंबल्या.

"थांबलं," मी म्हणाले.

ह्यांचा सदरा दोन्ही खांद्यांवर ताणला गेला, छातीशी आवळला. श्वास आखूड झाला.

उजव्या खांद्यावरचं कापड दोनदा दबलं.

मग उरलेला ठोकळा मातीत ओळ ओढत बाजूला झाला.