आधी दुसऱ्याची बाजू

संग्रहालयाचं दार सताड उघडं होतं आणि आतून अपूर्णांकांची बेरीज ऐकू येत होती.

ती उंबऱ्यातच थबकली. पाण्याची बाटली भरायला म्हणून जरा पलीकडे गेली होती, तेवढ्यात हा प्रकार! शंभर वर्षांपूर्वीच्या बाकांवर अख्खा वर्ग ऐसपैस बसला होता. 'हात लावू नये' ही पाटी कोणीतरी उलटी करून ठेवली होती, आणि अडवायला लावलेली दोरी गुंडाळून खिडकीत. ज्या काळ्या फळ्यावरून ती स्वतः मऊ फडक्याशिवाय बोटही फिरवत नसे, त्याच्यावर एक उंच, किडकिडीत माणूस खडूने खुशाल लिहीत होता.

"अहो! काय चाललंय हे?"

"तीन चतुर्थांश अधिक एक अष्टमांश," तो मागे न बघताच म्हणाला. "येतंय का उत्तर तुम्हाला?"

वर्ग खिदळला. तिचा राग तसाही नाकाच्या शेंड्यावर असायचा, आता त्याला निमित्त मिळालं.

"सात अष्टमांश. आणि आता सगळे बाहेर. हे संग्रहालय आहे."

तो वळला. चष्म्यावर पावसाचे थेंब तसेच होते, केस ओले, आणि चेहऱ्यावर ओशाळेपणाचा लवलेश नाही.

"त्याआधी शाळाच होती ना? बाकांना सवय असेल." मग तिचा चेहरा पाहून त्याने आवाज उतरवला. "आम्ही बसतो त्या व्हरांड्यात आज परीक्षा आहे. मैदानात पाऊस. खोल्या आधीच भरलेल्या. यांना नेऊ कुठे... तुम्हीच सांगा."

तिने बाहेरच्या पावसाकडे पाहिलं.

"तास संपेपर्यंत," ती शेवटी म्हणाली. "बाकांवर रेलायचं नाही. आणि फळा तुम्ही पुसायचा नाही, मी पुसेन."

"बरं," तो म्हणाला. "तुम्ही म्हणाल तसं."

पुढचा सगळा तास ती दारात हाताची घडी घालून उभी राहिली. राखण करायला म्हणून. तो शिकवतो छान, हे आपलं सहज लक्षात आलं, असं तिने स्वतःला बजावलं.

तो शाळेत नव्याने आलेला गणिताचा शिक्षक होता. ती ज्या संग्रहालयाची राखण करत होती, ते म्हणजे त्याच शाळेच्या आवारातली दोन खोल्यांची जुनी शाळा. गावातली पहिली. तिच्या वडिलांनी शाळेच्या कचेरीत उभा जन्म काढला, आणि अडगळीत पडलेल्या दौती, हाताने काढलेले नकाशे, पितळी घंटा असं एकेक वेचून हे संग्रहालय उभं केलं. ते त्यांचा जीव की प्राण होतं. बाबा निवृत्त झाले तेव्हा किल्ल्या तिच्या हाती आल्या.

आणि आता नवी शाळा पोरांनी ओसंडून वाहत होती. वर्ग वाढवायचे तर दोन वाटा होत्या. जुनी शाळा पाडून तिथे लगेच खोल्या बांधायच्या, नाहीतर नव्या इमारतीवर मजला चढवायचा. पण त्याला आणखी दोन वर्षं तरी लागणार होती. गावात यावरून नुसती जुंपली होती. केस कापायला बसलेला माणूससुद्धा मान हलवू नका म्हटलं तरी मान हलवून मत मांडत होता. शेवटी सभा घ्यायची ठरलं. हात वर करून काय तो निकाल लावायचा. संग्रहालयाकडून ती बोलणार, शाळेकडून गणिताचे सर.

सभेच्या अध्यक्ष होत्या मोठ्या बाई, शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. जन्मभर त्यांनी पोरांच्या वादविवाद स्पर्धा घेतल्या, आणि त्यांचा एकच नियम होता.

"आपली बाजू काय, कोणीही मांडतं," दोघांना समोर बसवून त्या म्हणाल्या. "तुम्ही दुसऱ्याची मांडायची. ही नव्या खोल्यांसाठी बोलेल, तू जुन्या शाळेसाठी. मत मात्र ज्याचं त्याचं. आणि अर्धवट बोललात तर मी खाली बसवीन."

अर्ध्या गावाने त्यांच्या हातच्या छड्या खाल्लेल्या. त्यांच्यापुढे बोलणार कोण!

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो संग्रहालयात हजर झाला.

"शिकवा," तो म्हणाला. "मला तुमच्यासाठी भांडायचंय."

"माझ्यासाठी नाही. जुन्या शाळेसाठी."

"तेच ते... म्हणजे, तेच म्हणालो मी."

तिने त्याला सगळं दाखवलं. त्याने मान डोलावली, पण ते शहाण्या पाहुण्याचं डोलावणं होतं. "हे सगळं तर नव्या इमारतीतल्या एखाद्या खोलीतही मांडता येईल," तो म्हणाला. मग ती त्याला फळ्याशेजारच्या कोपऱ्यात घेऊन गेली.

"इथे हात लावा."

"लावू नये ना?"

"मी सांगतेय ना."

भिंत तिथे गुळगुळीत होती. शिक्षा म्हणून उभ्या केलेल्या पोरांचे खांदे वर्षानुवर्षं घासले गेले होते. गुळगुळीतपणा कुठे कमरेइतका, कुठे छातीइतका. लहान पोरं, मोठी पोरं. त्याचा हात खालपर्यंत गेला, आणि एकदम थांबला.

"इतकं लहान कोण होतं हे?"

"असेल कोणीतरी तुमच्यासारखं. बडबडं."

"मी तर इथेच राहायला आलो असतो."

"मग राहा उभे. तोंड भिंतीकडे."

तो खरंच उभा राहिला, निमूटपणे, भिंतीला नाक लावून. तिला हसू आवरेना. "वळू का?" त्याने विचारलं. "नाही." "आता?" "नाही म्हटलं ना!" आणि तो वळलाच. दोघं फार जवळ उभी होती. तिला एकदम आठवलं की खिडक्या लावायच्या राहिल्यात.

मग तिची पाळी आली. एक पूर्ण दिवस ती त्याच्या वर्गात, म्हणजे व्हरांड्यात, शेवटच्या बाकावर बसली. त्या दिवशी पुन्हा पाऊस होता. झड आत आली की पोरं न सांगता उठायची, बाक भिंतीशी ओढायची आणि पुढचं गणित लिहू लागायची. बाकांच्या रांगेला लागूनच मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार होतं. तिथे बसणारी एक मुलगी, कोणी आलं की वही छातीशी धरून उठायची, बाक सरकवायची, वाट द्यायची, परत बसायची. दुपारपर्यंत ती किती वेळा उठली याची गणतीच नव्हती. कुरकुर नाही की काही नाही.

"हिला दुसरीकडे का नाही बसवत?" तिने मधल्या सुट्टीत विचारलं.

"कोणाला?"

तिने दाखवलं. तो बघतच राहिला. रोज शिकवत होता तिथे, आणि त्याच्या डोळ्यांना त्याची सवय होऊन गेली होती.

"तिच्या जागी दुसरं कोणी बसेल," तो हळूच म्हणाला. "दार तर तिथेच राहणार." तिला वाटलं, याचा हात धरावा. धरला नाही.

सभेच्या आदल्या दिवशी जेवताना बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "जुनी शाळा पाडायचं भाषण पाठ झालं वाटतं?"

"बाबा, तो मोठ्या बाईंचा नियम आहे."

"असू दे. मत तरी आपल्याला देशील ना?"

"काहीतरीच काय विचारता," ती म्हणाली, आणि तिला ठसका लागला. बाबांनी तिला पाणी पुढे केलं. तेवढ्यानेच तिला रडू यायचं बाकी राहिलं.

सभेला मुंगी शिरायला जागा नव्हती. आधी तो बोलला. दौती, नकाशे यांचं नावही न काढता त्याने फक्त कोपऱ्याबद्दल सांगितलं. वस्तू हलवता येतात, ही भिंत हलवता येणार नाही. आपल्या पोरांना आपण कसं वागवत होतो हे गावाला दाखवणारी तेवढी एकच जागा आहे, म्हणाला. पुढच्या रांगेत बाबांनी चष्मा काढून पुसला.

मग ती उठली. तिने त्या मुलीबद्दल सांगितलं. नाव घेतलं नाही, बाकाबद्दल, दाराबद्दल सांगितलं. "दोन वर्षं फार नाहीत, असं आपण म्हणतो. पण ही मुलगी दहा वर्षांची आहे. दोन वर्षांनी ती इथून निघून जाईल. तिची उरलेली सगळी शाळा त्या दारात उठण्या-बसण्यात जाईल." मागून एका बाईने डोळ्याला पदर लावला.

"जुनी शाळा पाडून खोल्या बांधायच्या, हात वर," मोठ्या बाई म्हणाल्या.

हात वर जाऊ लागले. बाबा पुढच्या रांगेतून तिच्याकडे बघत होते. तिने मूग गिळून बसायचं ठरवलं असतं तरी चाललं असतं. कोणी विचारणार नव्हतं. पण जे आपण आत्ताच बोललो ते खरं होतं, हे तिला ठाऊक होतं. तिने हात वर केला. बाबांनी तोंड फिरवलं.

"जुनी शाळा राहू द्यायची, हात वर."

बाबांचा हात वर गेला. काही म्हाताऱ्यांचे गेले. आणि व्यासपीठावर, सगळ्यांच्या देखत, गणिताच्या सरांचा लांबलचक हात वर गेला. सभागृहात खसखस पिकली.

"पाडायचं ठरलं," मोठ्या बाई म्हणाल्या. मग दोघांकडे आळीपाळीने बघून, "आणि तुम्ही दोघं बाहेर जाऊन आपापसात ठरवा."

बाहेर आवारात बाबा जुन्या शाळेच्या पायरीवर बसले होते. ती जवळ जाऊन उभी राहिली. मागोमाग तोही आला.

"तुम्हाला खोल्या नको होत्या, सर?" बाबांनी तिच्याकडे न बघता त्याला विचारलं.

"हव्या होत्या, काका. पण खोल्या दोन वर्षांनीही मिळाल्या असत्या. ही भिंत परत मिळणार नाही."

"एवढंच कारण?"

तो घुटमळला. "...नाही."

बाबांनी मग तिच्याकडे पाहिलं. डोळे लाल झाले होते. "आणि तुझं? तुझंही तेच कारण ना? यांच्यासाठी हात वर केलास?"

"नाही, बाबा," ती म्हणाली. "हात त्या मुलीसाठी वर केला. यांच्यासाठी म्हणून तुमची शाळा मी पाडू दिली नसती." आता थांबून चालणार नव्हतं. "यांचं वेगळं आहे. मला हे आवडतात. तेही, मत द्यायच्या आधीपासून."

शाळाभर ज्याची बडबड प्रसिद्ध होती, त्याने नुसता हात पुढे केला, आणि या वेळी तिने तो धरला, बाबांसमोरच.

बाबांनी त्या दोन हातांकडे पाहिलं. "मी तुझ्यावर चिडलोय," ते तिला म्हणाले. "चांगला महिनाभर चिडणार आहे."

"हो, बाबा."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले, जायला निघाले आणि दोन पावलांवर थांबले.

"पाडतील त्या दिवशी मी इकडे फिरकणार नाही. घरीच बसेन," ते पाठमोरेच म्हणाले. "पण पाडण्याचा आवाज घरापर्यंत येईल. यांना घेऊन ये घरी. हे बोलतात पुष्कळ... बोलत राहू दे यांना."