गुंडोपंतांचा कान

पडद्यावर तार पिनेला टेकलेली अगदी स्वच्छ दिसत होती. तरी संगणक तिसऱ्यांदा म्हणाला, "जोडणी नाही."

"टेकलीय की! दिसत नाही का तुला?" रेवा साळुंखे त्याच्यावर खेकसली. चिडली होती खरी, पण रडायलाही आलं होतं.

साल होतं २०६१. वाईच्या शाळेतल्या वाचनालयाचे यंत्रमानव गुंडोपंत दिवाळीपासून ठार बहिरे झाले होते. सोमवारपर्यंत ऐकू लागले नाहीत, तर त्यांची रवानगी भंगारात, असं मुख्याध्यापिकांनी सांगितलं होतं. रेवाला वाचायला शिकवलं ते याच गुंडोपंतांनी. त्यांना नवा मायक्रोफोन बसवायचा तिने चंगच बांधला. पण सर्किटचा (विजेच्या वाटांचा) आराखडा काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये या मायक्रोफोनचं चिन्ह (त्या भागाचं सोपं चित्र) नव्हतं. मग तिने ते स्वतःच काढलं. एक चौकोन आणि त्याला तीन पिना (तारा जोडायच्या दांड्या).

आजोबांनी उभा जन्म सर्किटं आखण्यात घालवला होता. ते चष्मा सावरत पडद्याशी वाकले.

"रेवा, नळाचं तोंड भिंतीत गेलं, तर बादली भरंल का?"

"कशी भरेल, आजोबा?"

"मग पिनेची दोन्ही टोकं मोठी करून बघ की."

एका टोकाला बारीक गोल होता, आणि तो चौकोनाच्या आत गेला होता.

"तो गोल म्हणजे पिनेचं तोंड. तार तिथंच जोडली जाते. दुसरं टोक नुसतं चौकोनाला चिकटायला. तुला रेघ दिसते, पण संगणक रेघ बघत नाही. तार तोंडाला भिडली का, एवढंच बघतो."

रेवाने तिन्ही पिना उलट फिरवल्या. दोन जोडल्या गेल्या, तिसरी मात्र हटून बसली. आजोबा बोलणार, तोच ती म्हणाली, "थांबा, सांगू नका!"

पडद्यावर ठिपक्यांची जाळी होती, रांगोळीला काढतो तशी. तारा ठिपक्यांवरूनच धावत होत्या, आणि ही पिन दोन ठिपक्यांच्या मध्येच उभी होती. रेवाने ती अर्धं घर सरकवली.

"जोडणी पूर्ण," संगणक म्हणाला.

"शाब्बास, पोरी! हे उमगायला मला नोकरीची दोन वर्षं लागली होती." आजोबांना नातीचं कौतुक लपवता येत नव्हतं.

मग मायक्रोफोनच्या खऱ्या, धातूच्या पायांचे क्रमांक पाहून तिने तेच चित्रातल्या पिनांना दिले. ते चुकले असते, तर सगळ्या खटाटोपावर पाणी पडलं असतं.

शनिवारी शाळेच्या यंत्रावर सर्किटची पट्टी तयार झाली. वाचनालयात जमलेल्या वर्गासमोर आजोबांनी टॉर्च धरला, रेवाने मायक्रोफोन जोडलेली पट्टी बसवली आणि गुंडोपंतांच्या पाठीमागे जाऊन हळूच हाक मारली, "गुंडोपंत?"

गुंडोपंत सावकाश वळले. सगळा वर्ग आनंदाने किंचाळला.

"हळू! वाचनालय आहे हे!" गुंडोपंत कडाडले.

बोलणी खाऊन इतका आनंद रेवाला कधीच झाला नव्हता. तिने आवाज अगदी खाली आणला.

"आजोबा, हे चिन्ह सगळ्यांसाठी खुलं ठेवू या? दुसऱ्या शाळांतले गुंडोपंतही बहिरे झाले असतील."

आजोबांनी हसून मान डोलावली.