रुतणारा नाका

वाघेश्वरी रोडच्या नाक्यावर एक पांढरी एसयूव्ही पुढच्या चाकांनी वीतभर रुतली होती, आणि समोर शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या कुंदाताई तांबट मनापासून खूश होत्या.

"बरी खोड मोडली! पाटी वाचता येत नाही, तर भोगा म्हणावं."

नाक्यापासून दहा मीटर गाडी उभी करायची नाही, हा नियम जुनाच. पाट्या झाल्या, दंड झाले, जुमानतो कोण? उभ्या गाड्यांच्या आडून शाळेची पोरं एकदम रस्त्यावर यायची आणि वर्षाला एखादं तरी पोर दगावायचं. शेवटी पालिकेच्या रस्ते-संशोधक डॉ. मैथिली कारखानीसांनी तेवढ्या पट्ट्यात स्वतः शोधलेलं 'चलडांबर' अंथरलं. धावत्या चाकाखाली ते दगडासारखं घट्ट. सिग्नलपुरतं थांबलात तरी चालतं. पाच मिनिटं उलटली, की चाकाखालून ढिलं पडायला लागतं.

"म्हणजे दलदलच की हो!" मोजमापाला आलेल्या मैथिलीला कुंदाताई म्हणाल्या होत्या.

मैथिलीने शेजारच्या चायनीजच्या गाडीवरून कॉर्नफ्लोअर आणलं आणि वाटीत पाणी घालून दाट कालवलं. "मारा बुक्की." बुक्कीला ते दाद देईना. "आता बोट नुसतं टेकवा." बोट तळाला गेलं. "झटकन काढा बघू." बोटाबरोबर अख्खी वाटीच उचलली गेली!

"अगं बाई!"

"सावकाश, ताई. घाई केली की हे हट्टाला पेटतं."

आठ महिने झाले, नाक्यावर एकाही पोराला खरचटलं नाही. चालकांना तर सवयच लागली. नाका आला की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर.

मे महिन्यातल्या एका दुपारी इस्त्रीवाला ओरडत दुकानात आला. "ताई, नाक्यावर भाऊ पडलेत!"

भाऊ म्हणजे कुंदाताईंचे यजमान प्रभाकरराव. ते रस्त्याच्या कडेला पांढरेफटक पडले होते. हृदयविकाराचा झटका. ॲम्ब्युलन्स आली, पण दहा मीटरपुढे गाडीला गाडी लागलेली, म्हणून ती नाक्यावरच थांबली. आत घेऊन श्वास परत आणण्यात आठ मिनिटं गेली. चाकं रुतली. ड्रायव्हरने इंजिन रेटलं. वीस माणसांनी "जोर लगा के" करत धक्के मारले. जेवढे धक्के, तेवढी चाकं घट्ट! मग कुंदाताईंना एकदम ती वाटी आठवली.

"मेल्यांनो, झटके देऊ नका! सावकाश ढकला. एकदम सावकाश!"

जीव टांगणीला लागलेला असताना सावकाश ढकलणं सोपं नसतं. पण ढकललं सगळ्यांनी. चाकं मुकाट वर आली आणि गाडी सुटली.

तिसऱ्या दिवशी प्रभाकरराव उशीला टेकून पेज प्यायले. कुंदाताईंना इतकं हलकं वाटलं, की रडूच कोसळलं. "वाचलात हो! देव पावला!"

"दहा मिनिटं तरी पडून होतो," ते म्हणाले. "शुद्ध होती, पण उठता येईना. गाड्या जात होत्या. तुझी स्कूटरपण गेली. हात हलवला मी."

कुंदाताईंच्या हातातला चमचा थांबला. त्या दुपारी रिळं घेऊन त्या त्याच वाटेने आल्या होत्या. रस्त्याच्या कडेला कोणीतरी पडलेलं त्यांना दिसलं होतं. कोण, ते पाहायला त्या थांबल्या नव्हत्या.

"अहो, मी..."

"रडतेस काय, वेडे?" प्रभाकररावांनी त्यांचा हात थोपटला. "नाक्यावर कोण थांबतं? मीही थांबलो नसतो."