फ्लॅश आधीच फुटतो!

"परत काळो!" भिकाजी फोटोग्राफर कॅमेऱ्याकडे बघत ओरडला.

कट्टा गावच्या जुन्या सभागृहात दशावतार कंपनीचे राजे, राक्षस घामाने निथळत उभे होते. बॅनरसाठी एक फोटो हवा होता. एक फ्लॅश कॅमेऱ्यावर, दोन बाजूंना स्टँडवर, तरी फोटोत अंधार!

कंपनीचे मालक दाजी सुट्टीत आलेल्या नम्रतावर घसरले. "ह्या पोरीनच देवाच्या पेटाऱ्याक पाय लावल्यान, म्हणान फोटो काळे येतत! सहदेवा, तुझ्या चेडवाक उद्यापासून रंगपटात आणू नको."

"मी पेटाऱ्याक शिवलंय सुदा नाय!" नम्रता ताडकन म्हणाली.

तिचे बाबा खाली मान घालून उभे राहिले. नाटकात रोज दरबार गाजवणारा राजा मालकापुढे मुका! यंदा रंगपटात, नट रंगतात त्या खोलीत, बाबा तिला चेहरा रंगवायला शिकवणार होते. तिला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

बाहेर तिचा मित्र सर्वेश म्हणाला, "चल, आईस्क्रीम खाऊया."

"आईस्क्रीम गेला खड्ड्यात!"

"मी भिकाजीकाकांचे फोटो बघितले," तिची मैत्रीण सलोनी हसत म्हणाली. "सगळ्यांचे डोळे मिटलेले. राक्षससुद्धा पेंगता!"

नम्रता थबकली. "डोळे उजेडान मिटतत. म्हणजे फोटोच्या आधीच उजेड पडता! सर्वेश, तुझ्या मोबाईलवर स्लो व्हिडिओ काढ!"

तिघांनी खिडकीतून पुढच्याच फोटोचा व्हिडिओ काढला आणि सगळी चाट पडली. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश आधी बारीकसा लुकलुकला. त्याच क्षणी बाजूचे दोन्ही भक्कन पेटले आणि विझले. मग कॅमेऱ्याने खरा फोटो काढला, तेव्हा ते दोन्ही फ्लॅश मेलेलेच!

तिघं तडक आत घुसली.

"भायर व्हा!" भिकाजी खेकसला.

"मी जावचंय नाय! आधी ह्या बघा!"

व्हिडिओ बघून भिकाजीचा चेहरा उतरला. "नवीन फ्लॅश ऑटोवर आसा. तो आधी बारीक चमकून उजेड मापता. बाजूचे जुने. खंयचीय चमक दिसली की पेटतत, आणि परत पेटाक वेळ लागता."

"मग ऑटो बंद करा आणि उजेड हातान ठरवा!"

"अगो, मशीन चुकता काय?"

"मशीन नाय चुकला. जुन्या दिव्यांशी त्याचा जमता काय, ता तुमीच बघूक नाय!"

भिकाजीने पुटपुटत बटण फिरवलं. खट्! मुकुटापासून पायातल्या चाळांपर्यंत सगळं लख्ख!

"शाबास गो!" दाजी खूश झाले. "ये, तूय फोटोत उभी रव."

नम्रता जागची हलली नाही. "आधी सगळ्यांसमोर सांगा, मी पेटाऱ्याक पाय लावूक नाय."

दाजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. एवढ्यात बाबांनी मान वर केली.

"सांगा, दाजी. माझा चेडू खोटा बोलणा नाय."

दाजींनी सगळ्यांकडे बघितलं. मग ते मोठ्याने म्हणाले, "माझा चुकला, बाय. तू पाय लावूक नाय. उद्या बापाबरोबर रंगपटात ये."

तेव्हा कुठे नम्रता बाबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"हां, काका," ती म्हणाली, "आता काढा फोटो!"