सभागृहात टांगलेली पोती

"वाजव टाळी!" गुंडप्पा मंचावरून ओरडला.

पंचशीलाने टाळी वाजवली. ती मागच्या भिंतीवर आपटून परत आली आणि छताखाली घुमत राहिली.

"बघ! भिंतच बोलायली!" मल्लिकार्जुन हसला. "अन् कलेक्टर साहेब म्हणतेत, भोंगे वाढवा!"

लातूर नवा जिल्हा झाला, तसं हे सभागृह उभं राहिलं. गुळगुळीत भिंती, चकचकीत फरशी! उद्घाटनाला गाद्या, पडदे आणि खच्चून माणसं होती, म्हणून आवाज छान लागला. दुसऱ्या दिवशी मंडपवाल्याने सगळं गुंडाळून नेलं. मागच्या आठवड्यात तिथेच दुष्काळाची सुनावणी झाली. पंचशीलाची आजी धुरपताबाई जळकोटकडच्या वस्तीसाठी टँकर मागायला उभी राहिली. पण शब्दावर शब्द चढले. साहेबांना काही कळेना. "पुढचे!" म्हणत त्यांनी हात हलवला.

आज दुपारी शेवटची सुनावणी होती. टँकर मिळाला नाही, तर आजी वस्ती सोडून लातूरला राहायला येणार होती. वडिलांच्या बदलीच्या या गावात पंचशीलाला आपलं असं कुणी नव्हतं. ही दोघं पोरंही कालच भेटलेली. आजी आली तर... तिने तो विचार गिळला.

"टणक भिंत आवाज फेकते," ती म्हणाली. "मऊ काही लावलं तर पिऊन टाकेल."

"मोंढ्यात रिकामी पोती लई हायत!" गुंडप्पा म्हणाला. त्याचे वडील त्या धान्यबाजारात हमाल होते. "यंदा माल कुठं आलाय?"

हातगाडीवरून पोती आली. पोरांनी ती दुहेरी करून, चुण्या पाडून, भिंतीपासून वीतभर पुढे दोरीला टांगली.

शिपाई शेषेराव धावत आले. "कारट्यांनो, सभागृह हाय का गोदाम?"

"मामा, टाळी वाजवून बघा की!"

त्यांनी वाजवली. टाळी तिथेच विरली. "आं!" म्हणत ते उरलेल्या पोत्यांसाठी शिडी आणायला पळाले.

दुपारी आजी उभी राहिली. "साहेब, हिरीत चिखल बी न्हाई. लेकरं कोसभर चालायलेत." शब्द न् शब्द मंचावर पोचला. साहेबांनी जागेवरच टँकर मंजूर केला.

"आम्हाला नुसते भोंगेच सुचले! शाब्बास रे पोरांनो!" टांगलेल्या पोत्यांकडे बघत ते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी पंचशीला आजीला एसटीत बसवायला गेली.

"गुणाची गं माझी बाई! वस्ती राखलीस."

"आजी, तू राहणार होतीस ना?"

"आता कशाला माय? पाणी येतंय की!"

आजीने खिडकीतून हात बाहेर काढला. गाडी हलली, तशी पंचशीला तो हात धरून थोडं चालली. मग तिने तो सोडला.