दारावरचं चौथं नाव

काम रोजचंच होतं. सूर्य मावळला की एकेका झोपडीपुढे उभं राहायचं, दारावर चिकटवलेल्या कागदावरची नावं मोठ्याने वाचायची, आतून प्रत्येक नावाला ‘हजर’ आलं की वहीत रेघ मारायची आणि पुढे चालू लागायचं. लिमरिक शहराच्या पश्चिमेला, डोंगराकडच्या त्या मुलखात त्या वर्षांत हाच कायदा होता. पांढरे सदरे चढवून तरणी पोरं रात्री जमीनदारांच्या गंज्या पेटवत होती, म्हणून सरकारने सगळ्यांनाच सूर्यास्त ते सूर्योदय घरात कोंडलं होतं. नावाला ‘हजर’ आलं नाही तर त्या माणसाला सात वर्षं काळं पाणी. चोरी करायला नको, मारामारी करायला नको, नुसतं घराबाहेर असणं पुरे.

शिपाई आयझॅक गॉल्टला हे काम मनापासून आवडायचं. उत्तरेकडचा उंच, लाल मानेचा गडी. त्याच्याकडे एक चांदीचं घड्याळ होतं आणि ते वीस मिनिटं पुढे होतं. चुकून नव्हे हं, मुद्दाम. धुक्याच्या दिवसांत सूर्य कुठे दिसतो कोणाला? “या मुलखात सूर्य माझ्या खिशात मावळतो,” असं तो म्हणायचा आणि चौकीतली मंडळी खो खो हसायची.

मागच्या फेब्रुवारीत त्याने याच घड्याळावर डार्बी कुलहेनला उचललं होतं. डार्बी कुठे होता, तर आपल्याच कुंपणाशी, व्यायला आलेल्या गाईजवळ. “साहेब, उजेड आहे की हो अजून,” असं तो खोकत खोकत म्हणाला. गॉल्टने घड्याळ त्याच्या नाकापुढे धरलं. खोकला डार्बीला जन्माचाच होता. दोनदा खोकल्याशिवाय वाक्य सुरू होत नसे. बंदरात उभ्या असलेल्या कैद्यांच्या जहाजावर तो तापाने गेला. मुडदा समुद्रात टाकला. घरच्यांना ना रडायला शव मिळालं, ना पुरायला जागा.

आता नोव्हेंबर लागायच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ होती. गॉल्टबरोबर क्विल होता. क्विल त्याच मुलखातला, पन्नाशीचा, कच्च्याबच्च्यांच्या पोटासाठी शिपाई झालेला.

“आयझॅक, आज कुलहेनकडे नको रे जाऊस,” क्विल म्हणाला.

“का? डार्बीची म्हातारी तुझी मावशी लागते?”

“आज यांच्याकडे मेलेली माणसं घरी जेवायला येतात. दाराला कडी घालत नाहीत. चुलीपाशी जागा मोकळी ठेवतात, वाढून ठेवतात. अशा वेळी दारात उभं राहून आपण नावं काय पुकारायची?”

“मग तर सोन्याहून पिवळं! कागदावर नाव नसलेला माणूस घरात सापडला तर घरवालीलाच आत टाकता येतं. मेलेला का असेना.”

क्विलने वही काखेत मारली. पोलिसात राहायचं तर गप्प बसायला यावंच लागतं.

खरी गोष्ट अशी होती की गॉल्टला डार्बीचा मुलगा हवा होता. मोर्टी नाव त्याचं, वय बावीस, आणि बायकोला सातवा महिना. बापाला नेलं तेव्हा तो ओरडला नव्हता, रडला नव्हता. पण तेव्हापासून रोज संध्याकाळी तो इतक्या सावकाश ‘हजर’ म्हणायचा की जणू गॉल्टच त्याचा चाकर. हे गॉल्टच्या डोक्यात गेलं होतं. आज दुपारी त्याने मोर्टीला पाठीला टोपली लावून दलदलीकडे जळण आणायला जाताना पाहिलं, आणि मनाशी हिशेब केला. परत येईल तो सूर्य टेकता टेकता. म्हणजे खिशातला सूर्य मावळल्यावर.

कुलहेनच्या झोपडीपुढे धुकं तांबूस झालेलं होतं. गॉल्टने घड्याळ पाहिलं, घसा साफ केला आणि वाचायला लागला.

“नाबला कुलहेन!”

“हजर.” हा म्हातारीचा आवाज.

“गोबनेट कुलहेन!”

“हजर.” ही सून.

“मोर्टी कुलहेन!”

आत शांतता. सुनेने श्वास ओढलेला बाहेर ऐकू आला. गॉल्टच्या ओठांवर हसू आलं. त्याने दाराकडे हात नेला... आणि आतून, चुलीच्या बाजूने, कोणीतरी खोकलं. एकदा. परत एकदा.

“हजर.”

क्विलच्या हातातली लेखणी आपोआप चालली. रेघ उमटली. मग त्याने वर पाहिलं, तर तोंडावर रक्ताचा थेंब नाही.

गॉल्टने दार ढकललं. आत पीटच्या, म्हणजे दलदलीतून खणून वाळवलेल्या मातीच्या जळणाच्या, धुराचा वास, उकडलेल्या कोबीचा, लोण्याचा... आणि त्यांच्या खाली आणखी एक. डांबर. कुजलेलं खारं पाणी. समुद्र तिथून दिवसभराच्या वाटेवर होता. चुलीपुढे दोन बायका उभ्या होत्या. मोर्टी नव्हता. कोणीच पुरुष नव्हता. गॉल्टने माळ्यावर पाहिलं, बाकाखाली संगीन खुपसली, गवताची गादी फाडली. काही नाही.

एवढ्यात दारात धापा टाकत मोर्टी आला, पाठीला टोपली. “आलो साहेब. सूर्य आहे अजून, बघा.” आणि खरंच, त्याच्या मागे धुक्यात लाल कड दिसत होती.

“घड्याळ बघ,” गॉल्ट म्हणाला. “क्विल, बेड्या काढ.”

क्विल जागचा हलला नाही. “त्याच्या नावापुढे रेघ पडलीय, आयझॅक. हजर म्हणून. शाईची आहे. खोडली तर मॅजिस्ट्रेट मला विचारील.”

“पण तो इथे नव्हता!”

“उत्तर आलं. तूही ऐकलंस.”

नाबलाने पदरासारखी शाल तोंडावर ओढली होती. ती रडत होती, पण दुःखाने नव्हे. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिने तो खोकला ऐकला होता.

हातची शिकार गेली म्हणून गॉल्टच्या अंगाची लाही लाही झाली. त्याची नजर मेजावर पडली. कोबी घालून कुस्करलेले बटाटे, मध्ये लोण्याचं तळं, बाजूला लाकडी चमचा. असे वाडगे चार होते. आणि चौथ्यापुढे, चुलीला लागून, एक रिकामं स्टूल.

“कागदावर नावं तीन,” तो म्हणाला. “वाडगा चौथा कोणाचा?”

“घरधन्याचा,” नाबला म्हणाली.

“असं? मग त्याचं नाव दारावर का नाही? कायदा ठाऊक आहे ना, म्हातारे?” त्याने खिशातून पेन्सिल काढली, दारावरच्या कागदावर तीन नावांखाली चौथं नाव ठळक लिहिलं: डार्बी कुलहेन. मग आत येऊन बंदूक भिंतीला टेकवली आणि त्या स्टुलावर फतकल मारली.

“साहेब!” नाबला पुढे धावली. “पाया पडते, त्या वाडग्याला हात लावू नका. वर्षातून एकदाच येता येतं माझ्या माणसाला. तेवढ्या लांबून, पाण्यातून चालत येतो. उपाशी येतो हो... हवं तर माझा खा. सगळ्यांचे खा. तेवढा ठेवा.”

“छान शिजलंय,” गॉल्ट म्हणाला आणि चमचा तोंडात घातला.

“आयझॅक, ऊठ तिथून,” क्विल कुजबुजला. “देवाशपथ सांगतो, ऊठ. त्या जागी बसून जो...”

“क्विल,” नाबला म्हणाली. तिचा आवाज एकदम सपाट झाला होता. “काही बोलू नकोस. खाऊ दे त्याला.”

गॉल्टने वाडगा अर्धा केला. मोर्टीच्या डोळ्याला डोळा भिडवून खाल्लं त्याने. लोणी हनुवटीवरून ओघळलं. शेवटचा मोठा घास तोंडात कोंबून त्याने पुकारायचा आवाज काढला.

“डार्बी कुलहेन!”

आणि स्वतःच, हसत, तोंडातल्या घासानिशी उत्तर दिलं: “हजर!”

घशात काहीतरी टोचलं. तो खोकला. एकदा. परत एकदा. स्टूल मघाशी कोरडं होतं, आता बुडाखाली थंड ओल लागत होती. कोणीतरी पाठीत बुक्के मारले, कोणीतरी ओरडलं. मग सगळं शांत झालं, तो उठला आणि बाहेर पडला.

क्विल पुढे चालला होता, जवळजवळ पळतच. गॉल्ट मागून बोलत राहिला. “घाबरलास काय रे, भित्र्या? उद्या त्या पोराला दलदलीतच गाठू.” क्विलने उत्तर दिलं नाही. तो सारखा छातीवर क्रूस काढत होता. रस्त्यात ओहोळ लागला, क्विलच्या पावलांनी पाणी उडालं. वाटेतल्या झोपड्यांची कुत्री क्विलवर भुंकली. गॉल्टवर एकही भुंकलं नाही, आणि त्याला ते आवडलं. धाक असावा तर असा.

चौकीत क्विल बाकावर कोसळला. “सार्जंट... गॉल्ट गेला.”

“कुठे गेला?”

“कुलहेनकडे बसलाय. घास अडकला. मी पाठीत किती मारलं... हातातला चमचा सुटत नाही त्याच्या.”

“अरे मूर्खा, मी हा काय!” गॉल्ट ओरडला. तो सार्जंटच्या समोर उभा राहिला, टेबलावर मूठ आपटली. दिव्याची ज्योतसुद्धा हलली नाही. सार्जंटने हजेरीचं पुस्तक ओढलं, गॉल्टच्या नावावर बोट ठेवलं. “हजर!” गॉल्ट किंचाळला. “हजर! हजर!” सार्जंटने शांतपणे नावावर काट मारली आणि गाडी जुंपायला सांगितलं.

गॉल्ट त्यांच्या पुढे धावत सुटला. हे खोटं आहे, तिथे कोणी नाही, हे त्याला आपल्या डोळ्यांनी पाहायचं होतं. झोपडीच्या दाराला कडी नव्हती. आत चुलीपुढे एक उंच, लाल मानेचा माणूस बसला होता. मान आता निळी पडली होती. हनुवटीवर लोणी थिजलं होतं.

बाहेर गाडी थांबली. सार्जंट कायद्याचा पक्का माणूस. मुडदा उचलायच्या आधी त्याने कंदील वर धरला आणि दारावरची नावं पुकारली. नाबला. हजर. गोबनेट. हजर. मोर्टी. हजर.

“आणि हे चौथं कोण? डार्बी कुलहेन?”

गॉल्टने दात आवळले. तोंड आपोआप उघडलं. कोणीतरी आतून जबडा फाकवावा तसं.

“हजर.”

सार्जंटला काही ऐकू आलं नाही. क्विलला आलं. त्याने कानांवर हात ठेवले. नाबलालाही आलं, आणि तो उत्तरेकडचा हेल तिने ओळखला. त्या रात्री ती इतकी रडली की सुनेला वाटलं सकाळ काही बघत नाही ही.

मुडदा नेला, पुरला. गॉल्टला मात्र स्टुलावरून उठता येईना. दारावरचा कागद मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय बदलत नाही, आणि एका मेलेल्याचं नाव खोडायला कोण अर्ज करतो? रोज संध्याकाळी नवा शिपाई चार नावं पुकारायचा, चौथ्याला थोडा थांबायचा, हसायचा आणि जायचा. रोज गॉल्टचं तोंड उघडायचं. गोबनेटला मुलगा झाला. चुलीवर लापशी शिजली, मासे भाजले, पाव फुगले, सगळं त्याच्या नाकासमोर. भूक अशी असते हे त्याला ठाऊक नव्हतं. जिवंत माणसाची भूक मरणाशी तरी संपते. तो दिवस मोजत राहिला. वर्षातून एकदा वाढतात, हे तर त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

नोव्हेंबर लागायच्या आदल्या दिवशीची ती संध्याकाळ पुन्हा आली. नाबलाने बटाटे कुस्करले, कोबी घातला, लोणी सोडलं. मेजावर चार वाडगे मांडले. तीन भरले. चौथा स्टुलापुढे सरकवला, शेजारी नीट चमचा ठेवला.

वाडगा कोरडा ठणठणीत होता.

“बसा, साहेब,” ती स्टुलाकडे पाहत म्हणाली. “माझ्या माणसाला तुम्ही उपाशी परत धाडलंत. दार उघडंच ठेवते मी अजून. पण तो येत नाही... त्याच्या जागी तुम्ही आहात ना.” तिने शालीने डोळे पुसले. “जेवा सावकाश.”

मग तिघांनी आपलं खाल्लं, आग राखेखाली दाबली आणि झोपायला गेली.

सकाळी गोबनेट पोराला काखेत घेऊन वाडगे धुवायला बसली. चौथा हातात घेतला आणि तिने हाक मारली. चमचा नव्हताच. वाडग्याची कड कुरतडलेली होती, आणि तळ दातांनी आरपार फोडलेला.

मोर्टीने कोपऱ्यातून लाकडाचा एक ठोकळा उचलला, उंबऱ्यावर बसला आणि नवा वाडगा कोरायला घेतला. दर वर्षी एक लागतो.